अर्ध्या मनाने बांधलेली नौका

भारत सरकारने २०२५च्या एप्रिल महिन्यात फ्रान्सशी करार करून आपल्या नौदलासाठी २६ राफेल विमाने घेण्याचे निश्चित केले. सुमारे ६३ हजार कोटी रुपयांचा हा व्यवहार होय. तेव्हापासून विमानवाहू नौका देशाला हव्यात की नकोत, हव्या तर किती, नव्या बांधाव्यात की जुन्यांवरच भागवावे, हा वाद पुन्हा ऐरणीवर आला आहे. या वादाशी गोमंतकाचा संबंध नाही असे कोणी समजू नये. याच राफेल विमानाची स्की-जंपवरून झेप घेण्याची परीक्षा २०२२च्या जानेवारीत आपल्या दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर झाली. त्याच वर्षी अमेरिकेचे सुपर हॉर्नेटही तेथेच त्याच परीक्षेला बसून गेले. वास्को, चिखली, बोगमाळो येथील रहिवाशांनी या परीक्षांचा निकाल कानांनी ऐकला आहे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार दिल्लीतील निवृत्त सेनानींइतकाच आम्हांलाही आहे, असे आम्ही मानतो.

परंतु आज आम्ही वाचकांना घेऊन जाणार आहोत ते दूरच्या उत्तर समुद्रात आणि एका शतकापलीकडे. विमानवाहू नौका हे प्रकरण जगात सुरू झाले ते एखाद्या दूरदर्शी योजनेतून नव्हे. ते सुरू झाले एका फसलेल्या युद्धनौकेच्या डागडुजीतून. त्या नौकेचे नाव ‘फ्यूरियस’. तिच्या कुंडलीत जे दोष होते तेच दोष पुढे अनेक देशांच्या अनेक नौकांच्या कुंडल्यांत उतरलेले दिसतात, आणि म्हणूनच ही जुनी कथा आज उगाळण्यासारखी आहे.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा, १९१४च्या ऑक्टोबरात, सत्तरी ओलांडलेले अॅडमिरल जॉन फिशर यांना निवृत्तीतून परत बोलावून ब्रिटिश नौदलाच्या प्रमुखपदी बसविण्यात आले. हा मनुष्य बुद्धीने तल्लख, स्वभावाने हट्टी आणि कल्पनेने अफाट. जर्मनीच्या पोटात सुरी खुपसावी, बाल्टिक समुद्रात शिरून पोमेरेनियाच्या किनाऱ्यावर, म्हणजे बर्लिनपासून हाकेच्या अंतरावर, सैन्य उतरवावे, असा त्यांचा मनसुबा होता. त्यासाठी उथळ पाण्यात चालणाऱ्या, वेगाने पळणाऱ्या आणि प्रचंड तोफा वाहणाऱ्या नौका त्यांना हव्या होत्या. अडचण एकच होती. युद्धाच्या काळात पहिल्या दर्जाच्या नव्या मोठ्या युद्धनौका बांधण्यास सरकारची मनाई होती. फिशर यांनी यावर तोडगा काढला तो शब्दांचा. त्यांनी आपल्या नौकांना ‘मोठ्या हलक्या क्रूझर’ असे नाव दिले! हलक्या क्रूझर बांधण्यास मनाई नव्हती. मग ती हलकी क्रूझर ७८६ फूट लांब असली तरी सरकारी कागदावर ती हलकीच.

नावाची ही मखलाशी आरमारी जगात तेव्हापासून जी रुजली ती आजतागायत. १९६०च्या दशकात लंडनच्या राज्यकर्त्यांनी विमानवाहू नौकांचा खर्च परवडत नाही असे जाहीर करून टाकले होते. म्हणून जेव्हा ‘इन्व्हिन्सिबल’ ही नौका घडू लागली तेव्हा तिला ‘सलग डेकची क्रूझर’ म्हणण्यात आले. सोव्हिएत रशियाने तर ‘विमाने वाहणारी जड क्रूझर’ असा एक वर्गच काढला, कारण १९३६च्या माँत्रो करारातील तरतुदींमुळे काळ्या समुद्रातून तुर्की सामुद्रधुनीवाटे विमानवाहू नौका म्हणून बाहेर पडणे जड होते आणि क्रूझर म्हणून सोपे होते. जपानने अलीकडे ‘इझुमो’सारख्या सपाट पाठीच्या नौकेला ‘हेलिकॉप्टर विनाशिका’ म्हटले. नाव बदलले की वस्तू बदलते अशी राजकारण्यांची श्रद्धा असते. मात्र ज्या नौकेचे नाव फसवे असते तिची रचनाही बहुधा दुहेरी होते. तोफांचे काम थोडे, विमानांचे काम थोडे. एक ना धड, भाराभर चिंध्या.

फिशर यांच्या तीन नौकांपैकी ‘करेजस’ आणि ‘ग्लोरियस’ यांना प्रत्येकी चार पंधरा इंची तोफा मिळाल्या. तिसऱ्या ‘फ्यूरियस’साठी मात्र अठरा इंची तोफा ठरल्या, पुढे एक आणि मागे एक, अशा अवघ्या दोन. एकेका गोळ्याचे वजन ३,३२० पौंड, म्हणजे सुमारे दीड टन. एवढी तोफ त्यापूर्वी ब्रिटिश नौदलाने समुद्रावर कधी नेली नव्हती. आणि या राक्षसी तोफा वाहणाऱ्या नौकेचे चिलखत मात्र कमरेला जेमतेम तीन इंचांचे. वेग हेच चिलखत, असा फिशर यांचा सिद्धान्त. हातात गदा आणि अंगात मलमलीचा सदरा घालून आखाड्यात उतरलेल्या मल्लाची आठवण व्हावी अशी ही रचना. खलाशांनी तिला ‘स्प्यूरियस’, म्हणजे ‘नकली’, असे टोपणनाव दिले होते. खलाशांची विनोदबुद्धी पुष्कळदा तज्ज्ञांच्या अहवालापेक्षा नेमकी असते.

दैवगती अशी की ‘फ्यूरियस’चा कणा टाइन नदीकाठच्या आर्मस्ट्राँग कंपनीच्या गोदीत १९१५च्या जूनमध्ये बसविला गेला, त्यापूर्वीच, मे महिन्यात, दार्दानेल्सच्या मोहिमेवरून झालेल्या भांडणात फिशर राजीनामा देऊन निघून गेले होते. बाल्टिकचा मनसुबा त्यांच्याबरोबर गेला. ज्या कामासाठी नौका घडत होती ते कामच उरले नाही. घडणे मात्र चालू राहिले. १९१६च्या ऑगस्टमध्ये ती पाण्यात सोडण्यात आली. तत्पूर्वी तीनच महिने, ३१ मे रोजी, जटलंडची लढाई झाली होती आणि तीत पातळ चिलखताच्या तीन मोठ्या ब्रिटिश नौका स्फोट होऊन बुडाल्या होत्या. फिशर यांच्या सिद्धान्तावर त्याहून कडवट भाष्य कोण करणार?

जटलंडने आणखी एक गोष्ट दाखविली. शत्रूचे आरमार कोठे आहे हे आकाशातून पाहिल्याखेरीज समुद्रावरची लढाई म्हणजे आंधळी कोशिंबीर होय. जर्मनांजवळ झेपेलिन ही अजस्र हवाई जहाजे होती. ब्रिटिशांजवळ पाण्यावर उतरणारी काही विमाने होती. परंतु ती समुद्रावर उतरवायची, क्रेनने उचलायची, आणि समुद्र खवळलेला असेल तर हात चोळत बसायचे, असा प्रकार. चाकांचे विमान सरळ डेकवरून उडवावे तर लांब डेक हवे आणि आरमाराबरोबर राहील असा वेगही हवा. अशी रिकामी, वेगवान आणि कोणालाच फारशी नको असलेली नौका एकच होती. १९१७च्या मार्चमध्ये निर्णय झाला की ‘फ्यूरियस’ची पुढील तोफ बसवूच नये, त्या जागी २२८ फूट लांबीचे उड्डाणाचे डेक बांधावे आणि त्याखाली विमानांसाठी हँगर करावा. मागची अठरा इंची तोफ मात्र तशीच राहू द्यावी! निर्णय घेतला तो अर्धा. पुढून विमानवाहू, मागून तोफवाहू, मध्ये ब्रिज, डोलकाठी आणि धुरांडे, असे अर्धनारीनटेश्वराचे रूप घेऊन ती २६ जून १९१७ रोजी नौदलात दाखल झाली.

विमान चढविण्याची सोय अशी झाली. उतरविण्याची? तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल; पण ज्यांनी डेक आखले त्यांनी त्याचे उत्तर दिले नव्हते एवढे खरे. वैमानिकाने उडावे, काम करावे, आणि जवळ जमीन असल्यास तेथे, नसल्यास एखाद्या बोटीशेजारी समुद्रात उतरावे, अशी ती व्यवस्था. विमान बुडाले तर बुडाले. वैमानिक सापडला तर सापडला.

हे उत्तर न पटलेला एक पंचवीस वर्षांचा वैमानिक त्या नौकेवर होता. त्याचे नाव एडविन हॅरिस डनिंग. त्याने हिशेब मांडला तो साधा होता. नौका पूर्ण वेगाने वाऱ्याच्या तोंडावर धावली आणि समोरून वाराही तेवढाच आला, तर हलक्या सॉपविथ पप विमानाचा उतरतानाचा वेग आणि डेकवरून वाहणारा वारा यांची जवळजवळ बरोबरी होते. विमान नौकेच्या मानाने स्थिर असल्यासारखे हवेत तरंगते. मग बाजूने यावे, ब्रिज आणि धुरांडे ओलांडून पुढे सरकावे, डेकवर आडवे घसरावे आणि खाली बसावे. २ ऑगस्ट १९१७ रोजी स्कापा फ्लोच्या आश्रयस्थानात त्याने हे करून दाखविले. विमानाला रोखण्यासाठी तारा नव्हत्या, आकडे नव्हते. होते ते नौकेवरचे सहकारी अधिकारी, जे धावत जाऊन विमानाला लावलेले पट्टे हातांनी धरून त्याला खाली ओढणार होते. त्यांनी धरले. चालत्या जहाजावर विमान उतरण्याची जगातील ती पहिली घटना.

पाच दिवसांनी, ७ ऑगस्टला, डनिंग पुन्हा उतरला. या खेपेस विमानाची थोडी मोडतोड झाली. त्याने दुसरे विमान घेतले आणि तिसऱ्यांदा प्रयत्न केला. उतरणे जमत नाही असे दिसताच त्याने पुन्हा वर जाण्यासाठी इंजिनाला जोर दिला. इंजिन दगा देऊन गेले, विमान डेकच्या उजव्या कडेवरून समुद्रात कोसळले, आणि नौकेची मदत पोहोचेपर्यंत डनिंग बुडाला होता.

या मृत्यूकडे शौर्याची गाथा म्हणून पाहणे सोपे आहे, आणि पुस्तकांतून तसे पाहिलेही जाते. आम्हांस त्यात दुसरेही काही दिसते. योजकांनी जो प्रश्न अर्धा सोडला होता तो सोडविण्याची जबाबदारी एका तरुणाने आपल्या शिरावर घेतली आणि त्याची किंमतही त्यानेच दिली. कार्यालयात अपुरे राहिलेले काम अखेर मैदानावर, आणि येथे तर समुद्रावर, कोणाच्या तरी प्राणांनी पुरे होते.

डनिंग गेल्यावर तरी पुरा विचार व्हावा की नाही? झाला तो आणखी अर्धा. १९१७च्या नोव्हेंबरात नौका पुन्हा गोदीत गेली, मागची अठरा इंची तोफ उतरली आणि तिच्या जागी २८४ फुटांचे उतरण्याचे डेक आले. पुढच्या व मागच्या डेकना जोडण्यासाठी धुरांड्याच्या दोन्ही अंगांनी अरुंद वाटा काढल्या. परंतु मधले ब्रिज, मधली डोलकाठी, मधले धुरांडे जागच्या जागी! नौका तीस मैलांच्या वेगाने धावू लागली की या अडथळ्यांमागे हवेचे भोवरे उठत आणि धुरांड्यातील तापलेल्या वायूंनी त्यांत भर पडे. मागून येणारे विमान नेमके या भोवऱ्यात सापडे. धुरांड्यामागे दोरांचे जाळे ताणून ठेवले होते, ते कशासाठी हे सांगावयास नकोच. अनेक प्रयत्नांपैकी केवळ तीन विमाने धडपणे उतरली. शेवटी हुकूम निघाला की नव्या डेकवर उतरण्याचा प्रयत्नच करू नये. म्हणजे डेक झाले, खर्च झाला, महिने गेले आणि वैमानिक पुन्हा समुद्रातच उतरू लागला. काढलेल्या अठरा इंची तोफा पुढे बेल्जियमच्या किनाऱ्यावर मारा करणाऱ्या मॉनिटर जातीच्या संथ नौकांवर चढविण्यात आल्या, आणि तेथे त्यांचा थोडाफार उपयोग झाला, हे जाता जाता नोंदविले पाहिजे.

अशा अपंग स्थितीतही या नौकेने १९ जुलै १९१८ रोजी जे केले त्याने युद्धशास्त्रात एक नवे प्रकरण उघडले. त्या पहाटे तिच्या पुढच्या डेकवरून सात सॉपविथ कॅमल विमाने, प्रत्येकी ५० पौंडांचे दोन बाँब घेऊन, टोंडर्न येथील झेपेलिनच्या गोदामांवर चालून गेली. एका विमानाचे इंजिन बिघडल्याने ते परतले. बाकीच्यांनी मोठ्या गोदामाच्या छपरावर नेमके बाँब टाकले आणि आत उभी असलेली एल-५४ व एल-६० ही दोन हवाई जहाजे जळून खाक झाली. जहाजावरून उडालेल्या चाकांच्या विमानांनी शत्रूच्या भूमीवर केलेला हा पहिला हल्ला. पर्ल हार्बरची बाराखडी येथे गिरविली गेली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु हल्ला करून परतायचे कोठे? तीन वैमानिक तटस्थ डेन्मार्कमध्ये उतरले. दोघांनी आपल्या आरमाराजवळ समुद्रात विमाने टेकविली आणि ते वाचले. एक, येउलेट नावाचा, परतलाच नाही, तो बुडाला. विजय मिळाला, पण विजयी विमानांतले एकही नौकेवर परतून पुन्हा उडण्याच्या स्थितीत राहिले नाही. जाता जाता सांगावयाचे तर, हे टोंडर्न गाव त्या वेळी जर्मनीत होते, आज डेन्मार्कमध्ये आहे. १९२०मध्ये तेथे सार्वमत झाले, पट्ट्याची मते एकत्र मोजली गेली, आणि गावातील बहुसंख्यांनी जर्मनीला कौल दिला असूनही गाव डेन्मार्ककडे गेले. मते कोणत्या पट्ट्यात मोजायची यावर निकाल कसा फिरतो, हे १९६७चा जनमत कौल पाहिलेल्या गोमंतकीय वाचकांना आणि सीमाभागातील आमच्या बांधवांना निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

डेक पुढून मागपर्यंत सलग आणि निर्वेध हवे, हे सत्य अखेर सिद्ध झाले ते दुसऱ्याच एका जहाजाने. इटलीसाठी अर्धवट बांधलेली एक प्रवासी बोट ब्रिटिशांनी ताब्यात घेतली आणि ‘आर्गस’ नावाने ती १९१८च्या सप्टेंबरात सपाट पाठीची विमानवाहू नौका म्हणून पुरी केली. तिच्यावर ना ब्रिज ना उभे धुरांडे. धूर बाजूंच्या नळांवाटे मागे सोडलेला. हे पाहिल्यावर १९२१मध्ये ‘फ्यूरियस’ तिसऱ्यांदा फोडण्यात आली. चार वर्षे काम चालले. १९२५मध्ये ती बाहेर पडली तेव्हा वरचे सगळे बांधकाम नाहीसे झाले होते, एकावर एक असे दोन हँगर आले होते आणि तीसहून अधिक विमाने तिच्या पोटात मावू लागली होती. १९२६च्या मे महिन्यात तिच्या डेकवर रात्रीच्या अंधारात विमान उतरविण्याचा पहिला प्रयोग यशस्वी झाला. १९१७मध्ये जो निर्णय घ्यावयाचा तो घ्यायला आठ वर्षे आणि तीन बांधण्या लागल्या.

रूपांतराचे हे लोण मग जगभर पसरले. त्याचे कारण केवळ लष्करी नव्हते. १९२२च्या वॉशिंग्टन करारात मोठ्या युद्धनौकांवर कडक मर्यादा आल्या. अर्ध्या बांधलेल्या प्रचंड सांगाड्यांचे करायचे काय, भंगारात घालायचे की त्यांवर विमाने चढवायची, असा प्रश्न सर्वांपुढे पडला. अमेरिकेची ‘लेक्सिंग्टन’ व ‘साराटोगा’, जपानची ‘अकागी’ व ‘कागा’, फ्रान्सची ‘बेआर्न’ या सगळ्या अशाच मोडलेल्या संसारातून उभ्या राहिल्या. ‘फ्यूरियस’च्या बहिणी ‘करेजस’ आणि ‘ग्लोरियस’ यांचेही असेच रूपांतर झाले. शांततेसाठी केलेल्या करारानेच पुढच्या युद्धाचे प्रमुख शस्त्र घडविले, ही इतिहासाची थट्टा म्हणावी लागेल.

ब्रिटनने मात्र या क्षेत्रातील आघाडी स्वतःच्या हाताने घालविली, आणि ती नौकांच्या कमतरतेमुळे नव्हे. १ एप्रिल १९१८ रोजी स्वतंत्र हवाई दल स्थापन झाले आणि नौदलाची सगळी विमाने व वैमानिक त्याच्या स्वाधीन झाले. नौका नौदलाची, विमाने हवाई दलाची! घर एकाचे आणि चूल दुसऱ्याची असा हा संसार जवळजवळ वीस वर्षे चालला. नौदलाच्या विमानांकडे हवाई दलाने सावत्र मुलासारखे पाहिले. १९३७मध्ये ती परत नौदलाकडे देण्याचा निर्णय झाला आणि १९३९च्या मे महिन्यात तो पूर्णपणे अमलात आला. चारच महिन्यांनी महायुद्ध सुरू झाले. त्या युद्धात प्रवेश करताना ब्रिटिश नौदलाजवळ टॉर्पेडो टाकण्यासाठी होते ते दोन पंखांचे, कापडी अंगाचे स्वोर्डफिश. त्याच काळात जपान आणि अमेरिका कोठल्या कोठे पोहोचले होते.

त्या युद्धात ‘करेजस’ १७ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन पाणबुडीने बुडविली. ‘ग्लोरियस’ ८ जून १९४० रोजी नॉर्वेनजीक दोन जर्मन युद्धनौकांच्या तोफांच्या टप्प्यात सापडली आणि तिच्यासह दोन विनाशिका मिळून दीड हजारांवर माणसे गेली. म्हातारी, तीनदा शिवलेली ‘फ्यूरियस’ मात्र टिकली. १९४०च्या एप्रिलमध्ये ती नॉर्वेच्या मोहिमेत होती. १९४२च्या ऑगस्टमध्ये उपासमारीच्या काठावर आलेल्या माल्टाला तिने ३८ स्पिटफायर विमाने उडवून पाठविली. त्याच दिवशी, तिच्याच ताफ्यातील ‘ईगल’, जी मूळची चिली देशासाठी बांधलेली युद्धनौका होती, पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी काही मिनिटांत तळाला गेली. ३ एप्रिल १९४४ रोजी नॉर्वेच्या खाडीत दडलेल्या ‘टिर्पिट्झ’वर झालेल्या हल्ल्यात ‘व्हिक्टोरियस’बरोबर ‘फ्यूरियस’चीही विमाने होती. १९४४च्या सप्टेंबरात थकलेल्या नौकेला राखीव दलात पाठविले, आणि १९४८मध्ये ती भंगारात विकली गेली.

येथवर वाचल्यावर कोणी म्हणेल की, मग रूपांतर वाईट कसे? नौका तर सत्तावीस वर्षे राबली. आमचे म्हणणे रूपांतर वाईट असे नाहीच. गरिबाला जुने घर दुरुस्त करूनच राहावे लागते. आपली पहिली ‘विक्रांत’ ही ब्रिटिशांनी युद्धकाळात बांधावयास घेतलेली आणि अर्धवट सोडलेली ‘हर्क्युलीस’ होती. १९५७मध्ये आपण ती घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती तिरंग्याखाली आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या वेळी ती पश्चिम समुद्रात सज्ज होती. १९७१मध्ये बाष्पकाला तडा गेल्याने पूर्ण वेग घेता येत नसतानाही तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावची बंदरे ठप्प केली. डनिंगला जे ठाऊक होते, की नौकेचा वेग हाच विमानाचा अर्धा आधार, ते त्या वेळी बंगालच्या उपसागरात आपल्या वैमानिकांनीही अनुभवले. दुसरी ‘विराट’ म्हणजे ब्रिटिशांची ‘हर्मिस’. तिच्यावरची सी हॅरिअर विमाने दाबोळीला नांदली आणि २०१६च्या मे महिन्यात दाबोळीतच त्यांना निरोप देण्यात आला.

प्रश्न उभा राहतो तो रूपांतराचा हिशेब अर्धवट मांडला जातो तेव्हा. ‘विक्रमादित्य’ ही मूळची सोव्हिएत ‘बाकू’, नंतरची ‘अॅडमिरल गोर्शकोव’. पुढे क्षेपणास्त्रे आणि मागे उभी उडणारी विमाने वाहणारी तीच ती ‘जड क्रूझर’. म्हणजे ‘फ्यूरियस’चे १९१७चे रूप सत्तर वर्षांनी पुन्हा अवतरलेले. २००४च्या जानेवारीत करार झाला तेव्हा दुरुस्तीची किंमत ९७ कोटी ४० लाख डॉलर ठरली होती. नौका उघडली, आतले तारांचे जंजाळ पाहिले, आणि काम किती आहे हे कोणी मोजलेच नव्हते असे ध्यानी आले. किंमत २३५ कोटी डॉलरपर्यंत चढली. २०१२च्या चाचणीत बाष्पकांनी दगा दिला. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी ती आपल्या नौदलात आली आणि कारवारच्या तळाला येऊन लागली. ती आज आपल्या आरमाराचा आधार आहे हे मान्य करूनही, या सौद्याला स्वस्त म्हणण्याचे धाडस आता कोणी करणार नाही.

तिच्याबरोबर आलेली मिग-२९के विमाने दाबोळीला राहतात. २०१६मध्ये महालेखापालांनी या विमानांच्या दोषांवर आणि त्यांतली फारच थोडी कामाला उपलब्ध असतात यावर कडक ताशेरे ओढले. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी त्यांतले एक वेर्ण्याजवळ कोसळले. दोघेही वैमानिक वाचले आणि वस्ती थोडक्यात बचावली. २६ नोव्हेंबर २०२० रोजी समुद्रात कोसळलेल्या विमानातील कमांडर निशांत सिंह मात्र वाचले नाहीत. आमच्या डोक्यावरून उडणाऱ्या यंत्राबद्दल प्रश्न विचारणे म्हणजे सैन्याचा अवमान करणे, असे समजणाऱ्यांशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. त्या यंत्रात बसणारा मनुष्य हा सर्वांत आधी त्या प्रश्नाचा हक्कदार असतो.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नवी ‘विक्रांत’ दाखल झाली. ती कोणाची उतरलेली वस्त्रे घालून आलेली नाही. तिचा आराखडा आपला, पोलाद आपले, कामगार आपले. ही थोर गोष्ट होय, आणि तिच्याविषयी बोलताना हात आखडण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. परंतु नौका तयार झाली तेव्हा तिच्या मापाचे नवे विमान तयार नव्हते. तिच्या लिफ्ट मिग विमानाच्या मापाने आखलेल्या. येणार आहे ते राफेल, ज्याचे पंख दुमडत नाहीत. करारातील चार दोन-आसनी विमाने तर नौकेवरून उडणारी नव्हेतच. ती जमिनीवर शिकविण्यासाठी. आधी डेक आणि मग विमानाचा शोध, हा क्रम १९१७चाच आहे. याउलट तेजसच्या नौदली रूपाने जे केले ते योग्य क्रमाने केले. दाबोळीच्या तळावर जमिनीवरच नौकेच्या डेकची प्रतिकृती उभारली, २०१४च्या डिसेंबरात तेथून झेप घेतली, १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेथेच तारेला आकडा अडकवून विमान थांबविले, आणि मगच ११ जानेवारी २०२० रोजी ते ‘विक्रमादित्य’वर उतरले. डनिंगच्या सहकाऱ्यांनी हातांनी धरलेल्या पट्ट्यांची जागा बोगमाळोच्या टेकाडावरील त्या पोलादी तारेने घेतली आहे. हे विमान नौदलाला वजनाने आणि शक्तीने पुरेसे वाटले नाही, हे खरे. पण त्याने शिकविलेले ज्ञान पुढच्या दोन इंजिनांच्या विमानाच्या आराखड्यात उतरावे यासाठीच तो खटाटोप होता.

तिसऱ्या नौकेचा प्रश्न गेली कित्येक वर्षे भिजत घोंगड्यासारखा पडून आहे. ती बांधू नये असे ज्यांचे मत आहे त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या युगात एवढे मोठे लक्ष्य समुद्रात तरंगत ठेवावे काय, आणि त्याच पैशात किती पाणबुड्या होतील, हे प्रश्न रास्त आहेत. ती बांधावी असे म्हणणाऱ्यांचेही रास्त आहे. एक नौका दुरुस्तीला गेली की दोन्ही किनाऱ्यांना पुरेल अशी दुसरी उरत नाही. सरकारने यांतले कोणतेही एक पत्करावे, दोन्हींसाठी युक्तिवाद आहेत. जे पत्करू नये ते म्हणजे मधले: नौका मंजूर करायची पण विमानाचा निर्णय पुढे ढकलायचा, विमान आणायचे पण ते जमिनीवर कोठे ठेवायचे, कोठे दुरुस्त करायचे आणि त्याच्या वाटेखालच्या गावांना काय सांगायचे हे तसेच ठेवायचे.

राफेल आल्यावर दाबोळीच्या धावपट्टीवर नौदलाच्या उड्डाणांचे आणि नागरी प्रवासाचे वेळापत्रक कसे जुळणार? मोपाचा विमानतळ सुरू झाल्यानंतर दाबोळीचे नागरी भवितव्य काय? मिग विमाने किती वर्षे आणखी उडणार आणि कोणत्या तारखेला थांबणार? आणि कोचीच्या गोदीत ज्या हातांनी ‘विक्रांत’ घडविली त्या हातांना पुढचे काम कधी मिळणार, की ती कसबी माणसे पांगल्यावर पुन्हा कोठल्यातरी परदेशी गोदीत जुना सांगाडा शोधायला जायचे? संरक्षण मंत्रालयाने या चार प्रश्नांची उत्तरे तारखांसह संसदेपुढे ठेवावीत, आणि गोव्याच्या खासदारांनी ती मागावीत, एवढीच आमची मागणी आहे.